सॉल्ट क्लोरिनेटर पंपाच्या टायमरला कसा जोडावा

पोहण्याच्या तलावातल्या खारट पाण्यापासून क्लोरीन बनवणाऱ्या सॉल्ट क्लोरिनेटरचा खोका उघडला की त्यातून दोन वस्तू निघतात: पाइपात बसवायचा सेल आणि भिंतीवर टांगायचा नियंत्रक. नियंत्रकाला बहुधा तीन पिनांची वायर लावूनच आलेली असते, आणि पंपघराच्या भिंतीवर एखादा रिकामा सॉकेटही असतोच. पिन सॉकेटात घातली की दिवे लागतात, पडद्यावर आकडे उमटतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात आपण सुरू केलेल्या यंत्राला पंप चालू आहे की बंद याची खबर नसण्याची शक्यता असते. ही खबर वायरिंगमधूनच कशी द्यावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. कर्जत, अलिबाग, लोणावळा किंवा गोवा इथल्या बंगल्यांना आणि फार्महाऊसना लागून असलेले लहान तलाव, त्यांवरचा एक ते दीड अश्वशक्तीचा पंप आणि आपल्याकडचा २३० व्होल्टचा पुरवठा गृहीत धरून तो लिहिला आहे.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा वायरमनकडूनच करून घ्यावे. नियमही तेच सांगतात. तरीही मालकाने आकृती समजून घेणे आवश्यक आहे, कारण तालुक्याच्या गावातला वायरमन शेतीपंपाचा स्टार्टर डोळे मिटून जोडत असला, तरी क्लोरिनेटर त्याने कदाचित पहिल्यांदाच पाहिलेला असतो. त्याच्यासोबत उभे राहून ‘ही वायर इथून घेऊ नका, तिथून घ्या’ असे सांगता आले, तर निम्मे काम झाले.

पंपाशिवाय क्लोरिनेटर चालला तर काय होते

सेलमध्ये टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियम यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. मीठ मिसळलेले पाणी या पट्ट्यांमधून जात असताना त्यातून डीसी प्रवाह सोडला की एका बाजूला क्लोरीन तयार होऊन पाण्यात विरघळतो आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन वायू सुटतो. पाणी वाहते असेल तर हायड्रोजनचे बुडबुडे तलावात जाऊन हवेत मिसळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पाणी थांबलेले असेल तर मात्र तोच वायू सेलच्या कवचात साठत जातो, पाण्याची पातळी खाली ढकलतो, पट्ट्या उघड्या पडतात आणि बंद जागेत ज्वालाग्राही वायूचा साठा तयार होतो.

माझ्या ओळखीच्या एका फार्महाऊसवर हे घडले. पंपाला घड्याळासारखी चकती असलेला जुना यांत्रिक टायमर होता, आणि क्लोरिनेटर वेगळ्या सॉकेटवर, स्वतःच्या आतल्या टायमरवर चालत होता. दोघांची वेळ सकाळी सात ते तीन अशी सारखी लावली होती. त्या भागात वीज वरचेवर जाई. यांत्रिक टायमरला बॅटरी नव्हती, त्यामुळे वीज गेली की तो तेवढा वेळ थांबे आणि आली की जिथून थांबला तिथून पुढे चाले. दोन महिन्यांत तो जवळजवळ सहा तास मागे पडला. क्लोरिनेटरचे घड्याळ बॅटरीवर असल्यामुळे बिनचूक होते. म्हणजे सकाळी सातला क्लोरिनेटर सुरू होई आणि पंपाला जाग येई दुपारी एकला. मधल्या वेळेत संरक्षण देणाऱ्या, म्हणजे पाणी थांबले की क्लोरिनेटर बंद करणाऱ्या, फ्लो स्विचच्या पात्यावर क्षारांचा पांढरा थर चढून ते ‘पाणी वाहते आहे’ अशाच स्थितीत अडकले होते. एका सकाळी मोठा आवाज झाला. पंपघरात गेल्यावर दिसले ते असे: सेलच्या टोकाची युनियन नट आट्यांसकट निखळलेली, पारदर्शक कवचाचा एक तुकडा फिल्टरच्या मागे आणि भिंतीवर ओला शिंतोडा. आत कोणी नव्हते हे नशीब.

या प्रसंगात दोन्ही टायमर आपापल्या परीने नीट चालत होते. चूक होती ती दोन टायमर असण्यात.

वीज नेमकी कुठून घ्यावी

साधारण सल्ला असा दिला जातो की क्लोरिनेटर टायमरच्या आउटपुटला जोडावा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. टायमर ‘चालू’ म्हणत असताना पंप बंद असू शकतो: मोटरने जास्त प्रवाह ओढला की तिला थांबवणारी ओव्हरलोड रिले पडलेली असू शकते, तीन फेजच्या पंपावर एक फेज गेल्याने प्रिव्हेंटरने, म्हणजे फेजवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाने, मोटर थांबवलेली असू शकते. या दोन्ही वेळी टायमरच्या आउटपुटवर वीज असतेच. म्हणून क्लोरिनेटरचा पुरवठा टायमरवरून न घेता पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या मोटरकडील टोकांवरून घ्यावा. कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मोटरचा पुरवठा जोडणारा विद्युतचुंबकीय स्विच. ओव्हरलोड पडला किंवा फेज गेली की कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते, कॉन्टॅक्टर उघडतो आणि पंपाबरोबर क्लोरिनेटरही त्याच क्षणी थांबतो. मग टायमर कितीही मागेपुढे झाला तरी दोघे एकत्रच मागेपुढे होतात.

ज्यांच्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर नाही आणि पंप थेट टायमरवर चालतो, त्यांनी या निमित्ताने कॉन्टॅक्टर बसवून घ्यावा. टायमरवर १६ अँपिअर असे छापलेले असते, परंतु तो आकडा गिझरसारख्या साध्या भारासाठी असतो. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते आणि टायमरच्या आतले चिमुकले संपर्कबिंदू हळूहळू जळत किंवा चिकटत जातात. चिकटलेला टायमर पंप बंदच करत नाही.

लागणारे सामान

पंपाच्या रेटिंगला साजेसा, मोटरसाठीचा म्हणजे एसी-३ वर्गाचा आणि २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर घ्यावा. त्याला जुळणारी ओव्हरलोड रिले, पंपासाठी सी-कर्व्हची, म्हणजे मोटर सुरू होतानाचा झटका सहन करणारी, १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), क्लोरिनेटरसाठी वेगळी ६ अँपिअरची एमसीबी आणि नियंत्रणाच्या वायरिंगसाठी २ अँपिअरची एक एमसीबी लागेल. या सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच. ती नसेल तर काम पुढे नेऊ नये. टायमर पॅनेलमधल्या धातूच्या रेलवर बसणारा डिजिटल घ्यावा आणि त्याला बॅटरीचा आधार आहे याची खात्री करावी. पंपाला २.५ चौरस मिलिमीटर, क्लोरिनेटरला १.५ आणि नियंत्रणाला १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, मात्र पॅनेल विजेच्या मीटरपासून लांब असेल तर व्होल्टेज किती पडते ते पाहून मुख्य केबल जाड घ्यावी. शिवाय ऑटो, बंद आणि मॅन्युअल अशा तीन स्थितींचा एक निवडक स्विच घ्यावा. खर्च थोडा आहे, सोय मोठी आहे.

पॅनेलची जागा आधी ठरवावी. आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकांत तलावाच्या काठापासून पहिले दोन मीटर आणि त्यापुढचे दीड मीटर असे दोन पट्टे धोक्याचे मानले जातात. म्हणून पॅनेल काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे असावे. त्याच खोलीत ॲसिडचा कॅन ठेवू नये. पीएच उतरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ झाकणातूनही निसटते. अशा एका पॅनेलचे दार मी उघडले तेव्हा कॉन्टॅक्टरच्या स्क्रूंवर तांब्याचे हिरवे पीठ साचले होते आणि वायरचे केस बोटाने मोडत होते. पॅनेल जेमतेम दोन पावसाळे जुने होते.

जोडणी

सर्वप्रथम मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे किंवा किमान फलक टांगावा, आणि नंतर टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरने फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ या तिन्ही जोड्यांत व्होल्टेज शून्य असल्याचे पाहावे. इन्व्हर्टर किंवा जनरेटर असलेल्या घरात त्यांचा पुरवठाही तोडावा. रविवारी दुपारी वीज जाते आणि माळी नेहमीच्या सवयीने जनरेटर सुरू करतो, हे विसरू नये.

सिंगल फेज पंपाचा मार्ग असा आहे. आरसीसीबीतून निघालेली फेज पंपाच्या १६ अँपिअर एमसीबीतून कॉन्टॅक्टरच्या १ क्रमांकाच्या टोकावर आणि न्यूट्रल ३ क्रमांकाच्या टोकावर द्यावा. कॉन्टॅक्टर ओढला गेला की १ ची वीज २ वर आणि ३ ची ४ वर येते. तिथून ओव्हरलोड रिलेमार्गे पंप. रिलेची जोडणी तिच्यासोबत आलेल्या सिंगल फेज आकृतीप्रमाणेच करावी, कारण तिच्या तिन्ही पट्ट्यांतून प्रवाह जावा लागतो. क्लोरिनेटरची फेज कॉन्टॅक्टरच्या २ वरून, म्हणजे रिलेच्या आधी, घेऊन ६ अँपिअर एमसीबीतून नियंत्रकाकडे न्यावी आणि त्याचा न्यूट्रल ४ वरून घ्यावा. रिलेच्या आधी घेण्याचे कारण इतकेच, की क्लोरिनेटरचा प्रवाह मोटरच्या हिशेबात धरला जाऊ नये.

आता नियंत्रणाचा भाग, जिथे नवशिक्याची सर्वांत जास्त गफलत होते. डिजिटल टायमरला दोन वेगळ्या गोष्टी जोडायच्या असतात: घड्याळ चालण्यासाठी फेज आणि न्यूट्रल, आणि त्याशिवाय एक स्वतंत्र संपर्क, ज्यावर कॉमन, एनओ (एरवी उघडे, टायमर चालू झाला की कॉमनशी जोडले जाणारे) आणि एनसी (त्याच्या उलट) अशी तीन टोके असतात. पुष्कळ टायमरांत या संपर्कावर आपोआप वीज येत नाही. टायमरचा पडदा ‘चालू’ दाखवतो, आतून ‘टिक’ असा आवाजही येतो, पण कॉन्टॅक्टर हलत नाही, आणि टायमर खराब म्हणून परत पाठवला जातो. दोष एवढाच असतो की कॉमनवर फेज दिलेली नसते. म्हणून २ अँपिअर एमसीबीतून निघालेली फेज आधी ओव्हरलोड रिलेच्या ९५–९६ या, रिले पडली की उघडणाऱ्या, संपर्कातून न्यावी, तिथून निवडक स्विचवर आणावी, ‘ऑटो’च्या टोकावरून टायमरच्या कॉमनवर द्यावी आणि एनओ वरून कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए-१ टोकावर आणावी. ‘मॅन्युअल’चे टोक टायमरला वळसा घालून थेट ए-१ वर जाते. ए-२ वर न्यूट्रल. घड्याळाचा पुरवठा मात्र निवडक स्विचच्या आधी घ्यावा, म्हणजे स्विच ‘बंद’ असतानाही वेळ चुकत नाही.

या रचनेत हाताने पंप लावला तरी क्लोरिनेटर सोबत सुरू होतो, आणि तेच अपेक्षित आहे. फिल्टर उलटा धुताना मात्र पाणी तलावाऐवजी गटारात जाते, तेव्हा क्लोरिनेटरची ६ अँपिअर एमसीबी खाली करून ठेवावी. वेगळी एमसीबी घेण्याचा हा दुसरा फायदा.

न्यूट्रलबद्दल थोडे थांबून सांगतो. क्लोरिनेटरचा न्यूट्रल जवळच्या दिव्याच्या बोर्डातून घेण्याचा मोह वायरमनला होतो, कारण वायर वाचते. असे केले की फेज एका आरसीसीबीतून जाते आणि न्यूट्रल तिच्याबाहेरून परततो. आरसीसीबीला ती गळती वाटते आणि ती लगेच पडते. मग कोणीतरी ‘आरसीसीबी फार नाजूक आहे’ असे म्हणून ती काढून टाकतो आणि तलावाचे एकमेव खरे संरक्षण नाहीसे होते. फेज ज्या आरसीसीबीतून गेली, न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परतला पाहिजे.

तीन फेजचा पंप असेल तर कॉन्टॅक्टरच्या तिन्ही वाटा फेजच्याच असतात. अशा वेळी क्लोरिनेटरची फेज २ वरून घ्यावी आणि न्यूट्रल चार पोलांच्या आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रल पट्टीवरून. प्रिव्हेंटरचा संपर्क कॉइलच्या वाटेत, म्हणजे ९५–९६ च्या ओळीतच, आला पाहिजे. इथे रंगांचा एक सापळा आहे. आपल्याकडे तीन फेजना लाल, पिवळा आणि निळा हे रंग देण्याची पद्धत आहे आणि न्यूट्रल काळा असतो. परदेशी बनावटीच्या क्लोरिनेटरच्या वायरीत मात्र तपकिरी म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल. ‘निळ्याला निळा’ या न्यायाने जोडणी केली तर नियंत्रकावर दोन फेजमधले सुमारे ४०० व्होल्ट येतात आणि तो पहिल्याच सेकंदात जळतो. रंग पाहून नव्हे, मीटर लावून जोडावे.

अमेरिकेतून आणलेल्या नियंत्रकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या आत १२० किंवा २४० व्होल्ट निवडण्यासाठी जंपर असतो. तो २४० वर आहे का आणि ५० हर्ट्झचा पुरवठा यंत्राला चालतो का, हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय वीज देऊ नये. तिकडच्या २४० व्होल्टच्या जोडणीत न्यूट्रल नसतोच, दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून इथली वायर जोडणे धोक्याचे आहे.

अर्थिंग आणि बाँडिंग

क्लोरिनेटरच्या तलावात दर लिटरला साधारण तीन ते चार ग्रॅम मीठ असते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ एक दशांश. जिभेला ते जेमतेम कळते, पण विजेला ते चांगलेच वाहक असते. म्हणून पंपाचे धातूचे अंग, शिडी, रेलिंग, दिव्यांची धातूची चौकट आणि काँक्रीटमधील सळ्या हे सर्व तांब्याच्या जाड वायरने एकमेकांना जोडून तलावाच्या अर्थिंगशी बांधावे, म्हणजे कुठल्याही दोन धातूंमध्ये व्होल्टेजचा फरक उरत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध बराच वाढतो. तो मोजावा तर एप्रिल-मेमध्ये मोजावा, जुलैमध्ये तो कोणाचाही चांगलाच येतो.

नियंत्रकापासून सेलकडे जाणारी जाड केबल डीसीची असते. तिच्यात व्होल्टेज कमी पण प्रवाह मोठा असतो, म्हणून ती कापून लांब करू नये. पुरत नसेल तर नियंत्रक जवळ आणावा. सेल पंप आणि फिल्टर यांच्या नंतर, सर्वांत शेवटी बसवावा आणि शक्यतो दोन्ही तोंडे खाली येतील असा आडवा बसवावा. चुकून वायू साठलाच तर तो वरच्या भागात राहतो.

पहिली चाचणी

सेलची केबल काढून ठेवावी आणि मगच पुरवठा चालू करावा. निवडक स्विच ‘मॅन्युअल’वर घेतल्यावर पंप सुरू झाला पाहिजे आणि नियंत्रकाच्या इनपुटवर २३० व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत; ‘बंद’वर शून्य. त्यानंतर पंप चालू असतानाच ओव्हरलोड रिलेचे चाचणी-बटण दाबावे. पंप थांबताच नियंत्रकाचे दिवेही गेले पाहिजेत. दिवे राहिले तर क्लोरिनेटरची वायर चुकीच्या टोकावर आहे आणि जोडणी पुन्हा तपासली पाहिजे. या एका बटणावर सगळ्या कामाची परीक्षा होते, म्हणून वायरमन निघून जाण्यापूर्वी ते त्याच्यासमोर दाबावे. पाठोपाठ आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून ती पडते हे पाहावे.

मग पुरवठा बंद करून सेलची केबल लावावी, पुन्हा सुरू करावे आणि फ्लो स्विच तपासावा. त्याची पिन ओढून पाहिली तर फक्त नियंत्रक तपासला जातो, पाते नव्हे. त्यासाठी तलावाकडे जाणारा व्हॉल्व्ह काही सेकंदांपुरता बराचसा बंद करावा. पडद्यावर पाण्याचा प्रवाह नसल्याची सूचना यायला हवी. काही यंत्रे सूचना देण्याआधी थोडी थांबतात, तेवढा धीर धरावा, परंतु व्हॉल्व्ह पूर्ण मिटून पंप चालवत ठेवू नये. बोअरवेलचे पाणी दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी जड असते, त्यामुळे हे पाते महिन्यातून एकदा हाताने हलवून पाहणे इष्ट.

वेळ किती लावावी

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी असते. हजार लिटरला साडेतीन किलो या हिशेबाने त्याला जवळपास १५७ किलो मीठ लागते. मीठ आयोडीनविरहित आणि शुद्ध केलेले घ्यावे. पेण-उरणच्या मिठागरांतले खडे मीठ लोणच्याला उत्तम, पण त्यातली माती आणि मॅग्नेशियम सेलवर बसते. मीठ टाकल्यावर चोवीस तास नुसता पंप चालवावा आणि क्लोरिनेटरची एमसीबी खाली ठेवावी.

उन्हात तलावातून दिवसाला साधारण दर लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असे धरले, तर या तलावाला रोज ९० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताशी २० ग्रॅमचा सेल आठ तासांत १६० ग्रॅम बनवतो. म्हणून पंप आठ तास आणि नियंत्रकावर ५५ ते ६० टक्के, ही सुरुवात योग्य ठरते. पुढे चाचणी-संचाने मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ राहतो का ते पाहून टक्के बदलावेत, तास नव्हे. क्लोरिनेटरच्या तलावात पीएच चढत राहतो, त्यामुळे आठवड्याला थोडे ॲसिड लागते. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही.

नियंत्रकाला स्वतःचा टायमर असेल तर तो सतत चालू या स्थितीत ठेवावा आणि वेळेचा कारभार एकट्या पॅनेलच्या टायमरकडे सोपवावा. आठ तासांचे फार लहान तुकडेही करू नयेत: पट्ट्यांवरचे क्षार झडावेत म्हणून नियंत्रक दर काही तासांनी विजेच्या प्रवाहाची दिशा उलटवतो, आणि साध्या नियंत्रकांत वीज गेली की ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. सकाळी चार आणि दुपारनंतर चार तास, एवढी विभागणी पुरे.

पावसाळ्यात तलाव भरून वाहतो, मीठ पातळ होते आणि नियंत्रक कमी मिठाची तक्रार करू लागतो. तेव्हा टक्के वाढवून सेलला राबवू नये; क्लोरिनेटरची एमसीबी खाली करावी, पंप टायमरवर तसाच चालू द्यावा आणि पाऊस ओसरल्यावर पाणी मोजून मीठ पुन्हा भरावे. या एमसीबीखाली ‘क्लोरिनेटर’ आणि निवडक स्विचखाली ‘पंप’ असे मराठीत लिहून चिकटवावे, आणि जोडणीची आकृती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलच्या दाराला आतून लावावी. पुढच्या वेळी दार उघडणारा वायरमन बहुधा दुसराच असेल.